नको

मी भोपळे कापतो. तंबोऱ्याचे.
म्हणून एकजण म्हणाला, तुम्हाला वेगळं काय सांगायचं,
वर कवच, आत पोकळी.
त्याला चहा पाजला, बोललो नाही.
भोपळा वाळलेला असतो.
आत काही उरलेलं नसतं तेव्हाच
आम्ही त्याला करवत लावतो.

नौशीन सात वर्षांची.
सकाळी उठली की उलटी,
मग तोंड धुऊन दिवसभर गल्लीत लंगडी.
जंताचं औषध झालं. पित्ताचं झालं.
शमशादने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, दर्ग्यातून दोरा आणला.
लंगडी बंद झाली, ते आम्हाला उशिरा कळलं.
ती जिना भिंत धरून उतरायची.
वहीतली अक्षरं रेघ सोडून खाली चालली होती
आणि मी तिला ओरडलो होतो, नीट बस.
मान एका अंगाला कलती,
जवारी लावताना माझी कलते तशी.
मला वाटलं, पोर माझ्यावर गेली.

चष्म्याचा नंबर काढायला नेलं.
तरणी डॉक्टरीण बाटलीएवढा दिवा घेऊन
तिच्या डोळ्यात बघत राहिली,
मग दुसऱ्या डोळ्यात. मग पुन्हा पहिल्या.
उठून दार लावलं.
म्हणाली, बाळ, टाचेला अंगठा लावत
या फरशीवरून चालून दाखव.
सहा फरश्या होत्या.
तिसरीवर मी धावलो.

मशीन ठोकत होतं. बाहेर बाकावर बसून
मी सवयीने पट्टी शोधत होतो.
काळी दोनच्या जवळ. पण चढं, आणि फार वेळ.
एकाही तारेला इतकं ठोकलं तर तुटते.

पडद्यावर डॉक्टरांनी बोट ठेवलं:
हा लहान मेंदू, त्याच्या मधोमध ही गाठ,
लिंबाएवढी. पाणी तुंबलंय, म्हणून डोकेदुखी.
नौशीन म्हणाली, सगळ्यांचा लहान असतो, की माझाच?
ते हसले. तेव्हा मला त्यांचा भरवसा वाटला,
का, ते सांगता येणार नाही.

सात तास.
बाकावर माझ्या शेजारी जतचा बसलिंग अप्पा,
त्याचा नातूही तसलाच.
त्याने भाकरी मोडून अर्धी दिली.
आम्ही दोघं खाल्ली नाही, हातात धरून बसलो.

गाठ निघाली. तिचं नाव बारा दिवसांनी आलं,
मेड्युलोब्लास्टोमा.
भाच्याने पाठकोऱ्या बिलावर लिहून दिलं, सहा अक्षरं,
मी पाठ केलं, घरात कुणाला शिकवलं नाही.

पण नौशीन बोलेना.
डोळे उघडे, नजर इकडेतिकडे, आवाज नाही.
डॉक्टर म्हणाले, या जागेच्या ऑपरेशननंतर होतं असं काही मुलांना,
येतो परत. कधी, ते विचारू नका.
मी लहान तंबोरा वॉर्डात नेला.
सिस्टरने परवानगी दिली, दार लोटलं.
षड्जावर बोट ठेवलं, ती छताकडे बघत राहिली.
पंख्याकडे. फक्त पंख्याकडे.
तंबोरा कपड्यात गुंडाळून परत आणला
आणि दोन दिवस दुकान उघडलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी
कडू औषधाची पिचकारी तोंडाजवळ गेली
आणि ती म्हणाली, नको.

शमशाद खालीच बसली.
सिस्टर धावली, मावशीने फडकं टाकलं,
समोरच्या खाटेवरची बाई रडायला लागली.
नको म्हणाली! अख्ख्या वॉर्डात सांगत सुटले सगळे.
औषध मात्र पाजलंच.

मग तीस दिवस किरणं.
तोंडावर जाळीचा मुखवटा, टेबलाला स्क्रू लावून.
आत ती मनात पाढे म्हणायची. सत्तावीसचा तिला अजून येतो.
बसलिंग अप्पाची खाट एका सोमवारी
दुसऱ्या कुणाची झाली होती.
विचारलं नाही.

मुखवटा तिने घरी आणला.
दुकानात भोपळ्यांच्या ओळीत तोच टांगलाय,
तिनेच टांगायला लावला.
गिऱ्हाईक विचारतं, हे कसलं वाद्य?
मी म्हणतो, तिला विचारा.
ती भिंत धरून येते, हळू,
केस एका बाजूला अजून पातळ.
कधी सांगते. कधी म्हणते, नको.

पुढचं मशीन बावीस तारखेला.
मी एका तंबोऱ्याची जवारी अर्धी सोडून ठेवलीय.